सुकाणू

सहल आटोपून होडी आगरदांड्याच्या जेट्टीला लागली, तरी कल्पिताचा आनंद ओसरला नव्हता. होडीचे तांडेल, म्हणजे कप्तान असलेल्या सासऱ्यांनी आज पहिल्यांदाच सुकाणू तिच्या हाती दिलं होतं, आणि उलट्या वाऱ्यात तिनं होडी अलगद आणून लावली होती! मग सफाईची वाटणी झाली. नवरा केतन साचलेलं पाणी उपसू लागला, नणंद भाविका खरकटं गोळा करू लागली, केतनचे मित्र बादल्या भरू लागले. कल्पितानं फळ्या घासायला ब्रश उचलला, तोच सासऱ्यांनी तो तिच्या हातातून काढून घेतला.

"काय चुकलं, बाबा?"

"चुकलं न्हाय गो. तांडेल होडी घासत न्हाय," ते म्हणाले, आणि तांडेल झाल्यापासूनच्या चाळीस वर्षांत पहिल्यांदाच गुडघे टेकून स्वतः फळ्या घासू लागले.