गालिच्यावरची फियाट

"काका, नुसतं स्टिअरिंग धरून बसा. फोटो झाला की लगेच सत्कार," नव्या रेसिंग ट्रॅकचा तरुण मालक म्हणाला.

शिंत्रेकाकांनी मंचावर मांडलेल्या आपल्या फियाटचं बॉनेट उघडलं. आत इंजिनच नव्हतं.

"गालिच्यावर ऑइल गळत होतं. मागं काढून ठेवलंय."

आठवडाभर गुळाच्या ढेपा वाहणारी ही गाडी. रविवारी मागची सीट उपसून काका ती जुन्या धावपट्टीवर शर्यतीत पळवायचे आणि बायको त्याच सीटवर कडेला बसून शिट्ट्या मारायची.

"मला विचारलंस?"

"शोची गाडी आहे काका, पळवायची थोडीच आहे?"

काका आत बसले. कॅमेरे सरसावले. त्यांनी हँडब्रेक सोडला. फियाट मंचाच्या उतारावरून फुलांची कमान ओढत निघाली आणि ट्रॅकवर जाऊन थांबली.

मालक धापा टाकत आला. "काका, हे काय केलंत?"

"आमच्यात स्वतःच्या चाकांवर घरी पोचेल तीच गाडी जिंकली असं धरायचे," काका म्हणाले. "इंजिन आण. ते बसवल्याशिवाय मी उतरत नाही."