जाणाऱ्याचा खोका

आता बघा, टेबलावर ओळीने बुटांचे खोके, सगळ्यांची झाकणं उघडी, आणि असा वास सुटलेला की बहारीनमधल्या सनाबिसच्या त्या हॉलमधली एसीची हवाही खमंग लागावी! मॅगी आंटीच्या खोक्यात उकडलेली अंडी नि कटलेट, तिच्या नवऱ्याच्या, फिलिप अंकलच्या खोक्यात तिनेच बांधून दिलेलं सँडविच. आणि जमालुद्दीनचाचांचा खोका? रिकामा. आत नुसता एक काळा मार्कर.

हा रिटायर झालेल्यांचा क्लास, दर मंगळवारी सकाळी. मागच्या वेळी मोबाईलवर फोटो काढायला शिकले, यंदा आफ्रिकन-अमेरिकन लोकांचा इतिहास. शिकवणाऱ्या रेबेका मॅडम स्वतः त्यांच्यातल्याच, शिकागोच्या. गेल्या आठवड्यात त्यांनी आजीची गोष्ट सांगितली होती. आजी दक्षिणेतलं गाव सोडून आगगाडीने उत्तरेला निघाली, कायमची. गाडीत जेवायची सोय होती, पण काळ्या माणसाला तिथे बसू देत नसत. म्हणून बुटाच्या खोक्यात तळलेली कोंबडी, अंडी, पाव. शेवटी मॅडम म्हणाल्या, पुढच्या वेळी तुम्हीही आणा, लांबच्या प्रवासाचा खोका.

"काय हो जमालभाई," फिलिप अंकल हसले, "नसीमाभाभीने आज उपाशीच पाठवलं वाटतं?"

चाचा गोंधळले. "मॅडमनी प्रवासाचा खोका सांगितला ना? तो घरून भरून कोण आणतो?"

मॅडमना काही कळेना. मग फिलिप अंकलनीच त्यांना इंग्रजीत समजावलं. म्हणजे आमच्यात, इथे पोटासाठी आलेल्यांत कसं, कुणी गावी निघालं की तो रिकामा खोका दाराशी ठेवतो, आणि आजूबाजूचे येऊन भरतात. कुणाच्या आईच्या गुडघ्याचं मलम, कुणाच्या बायकोचं अत्तर, कुणाच्या पोरीचे बूट. प्रत्येक पुडक्यावर नाव आणि गाव. जाणाऱ्याचं स्वतःचं सामान? जागा उरली तर.

सांगता सांगता अंकल एकदम थांबले.

"जमालभाई, खोका तर निघणाऱ्याचा असतो."

"हां."

"सुट्टीवर चाललात?"

"नाय रे. पोराचं, सादचं कॉन्ट्रॅक्ट संपलं. आम्ही दोघं त्याच्याच व्हिसावर. शुक्रवारी फ्लाइट." चाचांनी खोक्याची कड बोटाने पुसली. "खलास."

इतके दिवस हा माणूस गप्प! मुहर्रकच्या एअरपोर्टवर अख्खी उमर दुसऱ्यांचं सामान चढवण्यात गेली, आणि क्लासला यायचे ते मागच्या खुर्चीत बसायचे. इंग्रजीला घाबरायचे. एक प्रश्न म्हणून कधी विचारला नाही. पण गेला आठवडाभर एक प्रश्न त्यांना झोपू देत नव्हता. आज नाही विचारला तर राहूनच जाणार होता.

त्यांनी हात वर केला.

"मॅडम, युवर ग्रँडमदर... शी कम बॅक? टू व्हिलेज?"

मॅडम हसल्या. ते शेवटच्या तासाला सांगणार आहे, म्हणाल्या.

"लास्ट क्लास, आय नॉट हिअर."

मॅडमनी हातातलं पुस्तक मिटलं आणि चाचांच्या शेजारी येऊन बसल्या. आली, म्हणाल्या. म्हातारपणी आली. जन्मभर शिकागोत तिला सगळे दक्षिणेची म्हणायचे, आणि गावात पाऊल टाकलं तर पोरं ओरडली, शिकागोवाली आली!

चाचांनी मान हलवली. कोकणात आपल्या गावी, फणसोपला, गेल्या खेपेला त्यांच्याही मागे पोरं लागली होती. बहारीनवाले चाचा, चॉकलेट!

"देन? शी सॅड?"

नाही, मॅडम म्हणाल्या. ती म्हणाली, नावं नंतर ठेवा, मला भूक लागलीय, आधी जेवायला वाढा.

"अँड शी स्टे?"

"शी स्टेड."

चाचांनी केवढा श्वास सोडला! मॅगी आंटीने डोळे पुसले आणि आपली अंडी उचलून त्यांच्या खोक्यात ठेवली. मग कटलेट. मग एकेक जण उठला. फिलिप अंकलनी आपलं सँडविच कागदी नॅपकिनमध्ये गुंडाळलं आणि पुढे केलं.

सवयच ती, चाचांनी लगेच मार्करचं टोपण काढलं. "बोल. कुणाच्या नावे?"

"लिहा, जमालुद्दीन."

"माझ्या?"

"वाटेत खायचं. कुणाला द्यायचं नाय."

चाचांनी हळूहळू, एकेक अक्षर करत स्वतःचं नाव लिहिलं. मग गाव लिहायला मार्कर खाली टेकवला. तो तिथेच टेकलेला राहिला, आणि नॅपकिनवर काळा ठिपका पसरत गेला, मोठा मोठा होत.