खिशातला कांदा

भिलाईच्या उन्हाळ्यात भागीरथा नवऱ्याला सहजासहजी मोटरसायकलवर बसू देत नसे. आधी ओला दुपट्टा त्याच्या डोक्याकानाला गुंडाळायची, मग लू लागू नये म्हणून खिशात कांदा टाकायची. कारखान्याच्या बांधकामावर फोरमन असलेल्या हिरालालला कांद्याची लाज वाटे. एका दुपारी मात्र मागे बसलेला रशियन इंजिनियर उन्हानं लालबुंद झाला, तेव्हा हिरालालनं गाडी थांबवली, स्वतःचा कांदा त्याच्या हातात दिला आणि खिशाकडे बोट दाखवलं. साहेबानं मान डोलावली, कांदा सोलला आणि कचाकचा खाऊन टाकला. संध्याकाळी भागीरथानं रिकामा खिसा चाचपला. हिरालालनं हसत हसत सगळं सांगितलं. ती हसली नाही. सकाळी खिसा टम्म फुगला होता. “तीन कांदे कावून?” “एक तुमचा, एक त्याले खायाले. तिसरा त्याच्या खिशात टाका. बिचाऱ्याची बायको रशियात, इथं कांदा कोण टाकन?”