ईस्टरचा पेला

ईस्टरला खराडीतल्या आमच्या चर्चमध्ये प्रभुभोजनात सगळ्यांनी घोटभर घ्यायच्या द्राक्षारसाला, म्हणजे वाइनला, मद्यार्काचा वास नव्हता. मी रसायनशास्त्र शिकवते. माझा विश्वास नाकावर आहे, देवावर नाही. नाताळच्या उपासनेत माझे पप्पा पिऊन वेदीसमोर पडले होते. त्यानंतर त्यांनी दारू सोडली. पण एका घोटाने व्यसन उलटेल, म्हणून प्रभुभोजनाला ते मागच्या बाकावरून उठत नसत. त्या दिवशी पाळकांनी हाक मारली, "भास्करराव, या." पप्पा ताठ मानेने पुढे गेले. त्यांना अडवायला मी धावले, पेला हुंगला आणि बाजूला झाले. नंतर पाळकांच्या पत्नीला विचारले, "द्राक्षारस कुठून आणलात?" "आणला नाही, काल मनुका उकळल्या." "सगळ्यांसाठी?" "अगं, त्यांनाच वेगळा पेला दिला असता, तर ती कसली क्षमा?" या मंडळीचा मला अभिमान आहे. वास नव्हता, कारण एका माणसासाठी सगळ्यांनी आंबवलेला द्राक्षारस सोडला होता.