खिडकीचं रबर

मिस्त्रीने खिडकीच्या पल्ल्याला खांदा लावून ढकललं. दुहेरी काचेची ती जड खिडकी चौकटीपर्यंत गेली, काहीतरी मऊ दबावं तशी अडली आणि बोटभर मागे आली. त्या बोटभर फटीतून खालच्या कोंबडीवाल्याच्या पिंपाचा वास आत घुसला. रक्त, भिजलेली पिसं, त्यावर दुपारचं ऊन.

"चौकटच वाकडी आहे, ताई."

"मागच्या वेळी बिजागरी वाकडी होती."

"तेव्हा बिजागरीच वाकडी होती," मिस्त्री शांतपणे म्हणाला.

सासूबाईंच्या मांडीवर बाळ खोकलं. महिनाभर खोकतच होतं. सोमवारी तिची बाळंतपणाची रजा संपत होती. मग दिवसभर बाळ याच खोलीत, याच हवेत, आजीपाशी राहणार. निदान खिडकी तरी लागू दे, एवढंच तिचं मागणं होतं.

"एवढ्याशा फटीने काय होतं गं?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही नाही वाढवली पोरं? तुझं आपलं नाक भारी तिखट."

ती खिडकीपाशी गेली. पल्ल्याच्या कडेचं काळं रबर ठिकठिकाणी फुगून बाहेर आलं होतं. नख घालून तिने ते ओढलं. रबर खोबणीतून सुटलं, आणि त्याच्यामागून तपकिरी, चिकट लगदा लोंबत आला. धूळ, केस, माश्यांचे पंख. मध्येच रुतून बसलेलं एक झुरळ अजून मिशा हलवत होतं.

"अरे बापरे!" मिस्त्री हसला. "खिडकीत तळण काढता की काय?"

"तेल मीच लावते," सासूबाई जराही न ओशाळता म्हणाल्या. "रबर कोरडं पडलं होतं. बाळाला चोळताना हाताला तेल असतंच, म्हटलं वाया कशाला घालवा. एक अंग चोळून झालं की पलंगावर बसल्या बसल्याच खिडकीवरून बोटं फिरवते, मग दुसरं अंग चोळते."

"हात धुऊन ना?"

"मध्येच कशी उठू? पलंगावरून पडलं म्हणजे? आणि घरचंच तर तेल आहे."

ती बाळाच्या पाठीकडे बघत राहिली. पाठ तुकतुकीत होती.

मिस्त्रीने फडक्याने खोबण पुसली, फडकं खिशात कोंबलं, नवं रबर बसवलं आणि दोन बोटांनी पल्ला लोटला. खिडकी टक् करून लागली. रस्त्याचा आवाज तुटला, कोंबडीवाल्याचा वासही तुटला.

"घ्या. आता मुंगी शिरायची नाही."

"झालं ना मनासारखं?" सासूबाईंनी बाळाची लाळ अंगठ्याने पुसली. बाळाने तो अंगठा दोन्ही हातांनी धरला, तोंडात घातला आणि डोळे मिटून चोखू लागलं.

बंद खोलीत खवट तेलाचा वास हळूहळू वर चढला. पडद्याचा, उशीचा, बाळाच्या जावळाचा, सगळ्यांचा तोच वास.

तिने खिडकीची मूठ फिरवली, पल्ला सताड उघडला, डोकं बाहेर काढलं आणि कोंबडीवाल्याच्या पिंपावरची हवा छाती भरून आत घेतली.