लग्नाआधी

"ही ओळ मी टाकणार नाही," सुकन्या म्हणाली.

लॅपटॉपवर डॉक्टर मंजुश्रींच्या दवाखान्याची नवी वेबसाइट उघडी होती. वेड्यावाकड्या दातांना तारा बसवणारा लातुरातला हा चांगला चालणारा दवाखाना. रंग पसंत पडले होते, फोटो पसंत पडले होते. अडलं होतं ते पहिल्या पानावरच्या एका ओळीशी. ती डॉक्टरांनी स्वतः लिहून दिली होती : 'मुलीचे दात लग्नाआधीच सरळ करून घ्या.'

पुण्यातली नोकरी सोडून सुकन्यानं लातुरात स्वतःचा व्यवसाय थाटला होता. हे तिचं पहिलं मोठं काम. ते हातचं गेलं तर घरचे पुन्हा पुण्याला पाठवणार, हे तिला ठाऊक होतं. पण तिला बघायला आलेल्या एका बाईनं चहाचा कप खाली ठेवून 'जरा हसून दाखव' म्हटलं होतं, तेही ती विसरली नव्हती.

"आईबाप इथं लग्नासाठीच येतात गं," डॉक्टर म्हणाल्या. "मी रोज ऐकते."

"येत असतील. पण पहिल्या पानावर लिहिलं की ते आपणच सांगितल्यासारखं होतं. ओळ हवीच असेल तर दुसऱ्या कुणाकडून साइट करून घ्या."

डॉक्टर चिडल्या नाहीत. त्यांनी बाहेर बसलेल्या मायलेकींना आत बोलावलं. देवणीची नीलम्मा आणि तिची कॉलेजात जाणारी पुनम.

"हिच्यासमोरच सांगा. तारा कशासाठी बसवायच्यात?"

"लग्न ठरलंय," नीलम्मा म्हणाली.

डॉक्टरांनी सुकन्याकडे पाहिलं. सुकन्यानं गुपचूप लॅपटॉप मिटायला घेतला.

"ये, बस," डॉक्टरांनी पुनमला खुर्ची दाखवली.

पुनम जागची हलली नाही. "माझं न्हाई, मॅडम. आईचं ठरलंय."

नीलम्मा स्वतःच जाऊन खुर्चीत बसली. पंचेचाळिशी ओलांडलेली बाई. "हिचे वडील जाऊन लई वर्षं झाली. आता उदगीरच्या मन्मथरावांनी विचारलं. पोरगी म्हणली, हाव म्हण."

"आणि दात सरळ करा असं त्यांनी सांगितलं?" सुकन्यानं विचारलं.

"न्हाई. ते म्हणले, हायेत तसे राहू द्या. मलाच सरळ पाहिजेत. पयल्या लग्नात मला सांगून ठेवलं होतं, तोंड उघडू नको. एका बी फोटोत मी हसलेली न्हाई."

डॉक्टरांनी अर्धवट मिटलेला लॅपटॉप सुकन्यापुढे सरकवला. मग म्हणाल्या, "ती ओळ काढून टाक."

हातमोजे चढवून त्यांनी नीलम्माचे दात तपासले. "दात सरळ व्हायला वर्षाच्या वर जाईल. लग्न कधी आहे?"

"पुढच्या महिन्यात."

"मग फोटोत नुसत्या ताराच दिसतील. लग्नानंतर बसवू या की."

"आत्ताच बसवा," नीलम्मा म्हणाली. "तारांसकट हसणार हाय मी."