येतो

कंपनीचं वार्षिक संमेलन ऐन रंगात आलं होतं आणि सातपुते सभागृहातून बाहेर पडताना दाराशीच अडकले होते. हजेरी, चहापाणी, लिफ्ट, दारं या साऱ्या यंत्रणा माणसाच्या बोलण्यावर चालाव्यात म्हणून त्यांनीच एकत्र जोडल्या होत्या.

"येतो," ते पुन्हा म्हणाले.

"या, सातपुतेसाहेब, स्वागत आहे!" दार गोड आवाजात म्हणालं आणि बंदच राहिलं. तिकडे त्यांच्या रिकाम्या खुर्चीपुढे तिसरा चहा आला.

आत दाराशी उभी असलेली स्वागतकक्षातली हेमांगी हळूच म्हणाली, "सर, 'जातो' म्हणा. तेवढंच कळतं त्याला."

"अगं, बायकोला ऑपरेशनला नेताहेत आणि मी तोंडातून 'जातो' काढू?"

पण वेळ थोडाच थांबणार होता! अखेर डोळे घट्ट मिटून ते पुटपुटले, "जातो."

दार चटकन उघडलं. ते पायऱ्या उतरतात न उतरतात तोच नलिनीचा फोन आला.

"अहो, मी वॉर्डच्या दारात स्ट्रेचरवर पडलेय. तुमचीच यंत्रणा बसवलीय इथं. पेशंटनंच बोलायचं म्हणे. मघापासून 'येते, येते' म्हणतेय, तर मेलं उघडतच नाही. काय म्हणू हो?"